निळी ताडपत्री आणि राजधर सर

माझी नात चप्पल घेण्याआधी मोबाईलवर तारे बघते. कुणीतरी अनोळखी माणसाने चपलेला साडेचार तारे दिलेले असतात आणि त्या अर्ध्या ताऱ्यासाठी आमच्या घरात तासभर चर्चा चालते. परवा मी तिला विचारलं, ही चप्पल शिवली कोणी? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने मी पन्नास वर्षांपूर्वी राजधर सरांकडे पाहत असे. तेव्हा लक्षात आलं, मेलेला माणूस आपल्या तोंडून बोलायला लागला की त्याच्यावर चार ओळी लिहून मोकळं व्हावं. नाहीतर तो मुक्कामाला राहतो.

राजधर सर आमच्या नंदुरबारच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. मूळचे रनाळ्याचे, घरची शेती, अंगाने काटकुळे, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक खडू. वर्गात अहिराणीत बोलू नये असा शाळेचा नियम होता, म्हणून ते वर्गात गप्प राहून फळ्यावर लिहीत आणि स्टाफरूममध्ये आल्यावर दिवसभराची अहिराणी एकदम सोडत. प्रत्येक वस्तूला त्यांचा एकच प्रश्न असे : हाई कोठून उनं? म्हणजे हे आलं कुठून?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी नवी नवरी आणि नवी मराठीची बाई होते. नाशिककडून आलेली, त्यामुळे नंदुरबारला आपण उजेड घेऊन आलो आहोत अशी माझी समजूत. अंगावर मोरपिशी साडी. सर माझ्यासमोर उभे राहिले, पदराकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हाई साडी कोठून उनी?"

मी लाजले. होय, लाजले. लपवून काय उपयोग, आता लाजण्याचं वय नाही. घरी जाऊन आरशात पाहिलं, आणि त्या आठवड्यात ती साडी पुन्हा नेसले. सर पुन्हा समोर आले. या वेळी त्यांनी विचारलं की विणणारा कोण, सुरतेचा का येवल्याचा, आणि त्याच्या हातात काय पडत असेल. मी म्हटलं, मला काय माहीत. त्यावर ते इतके निराश झाले की माझ्या रूपाकडे बघण्याची त्यांना सवडच मिळाली नाही. पुढे त्यांनी शिपायाच्या छत्रीकडेही तसंच टक लावून पाहिलेलं मी पाहिलं, तेव्हा माझा गैरसमज दूर झाला. साडी मी नणंदेला देऊन टाकली.

निवृत्तीनंतर अशा माणसाचं काय होतं? दुकानदारांचे हाल होतात. सर सकाळी पिशवी घेऊन निघत आणि दुपारी रिकामी पिशवी घेऊन परत येत, कारण एकाही दुकानात समाधानकारक उत्तर मिळालेलं नसे. मिरचीच्या गावात राहून एकदा त्यांच्या घरात मिरची संपली होती. पथारीवर, म्हणजे वाळवणीच्या मैदानात, लाल मिरचीचे डोंगर वाळत पडलेले, सगळ्या गावाला ठसका, आणि सर तिथल्या खुडणाऱ्या बायकांना विचारत फिरताहेत की तुम्हाला हातमोजे देतात का. त्यांच्या पत्नी शांताकाकू शेवटी शेजारून वाटीभर मिरची मागून आणायच्या. ती कोठून आली हे सरांना सांगायचं नाही, असा आम्हा शेजारणींचा करार होता.

मग सरांना इंटरनेटवरच्या विकीचा शोध लागला. म्हणजे विकी आधीपासून होतं, पण सरांना लागला म्हणून शोध म्हणायचं. कोणीही येऊन लिहावं, कोणीही दुरुस्त करावं, कोणी खोडलंच तर खोडलेलं मागे 'इतिहास' नावाच्या कप्प्यात दिसावं, ही कल्पना ऐकून त्यांना फार आनंद झाला. त्यांचं म्हणणं असं की मी एकटा किती दुकानांत विचारणार. सगळ्या जिल्ह्याने आपापलं विचारून एका जागी लिहून ठेवलं तर माणसाला स्वच्छ मनाने पावशेर डाळ घेता येईल. त्यांनी फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं, महिनाभर डोळे फोडले आणि 'विचारून घ्या' नावाची जागा उभी केली. प्रत्येक वस्तूला एक पान. पानावर चार घरं : माल कोणी पिकवला किंवा बनवला, त्याला काय वागणूक मिळते, विकणारा खरं सांगतो का, आणि लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिलं. ऐकीव गोष्टीला जागा नाही.

आणि पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम घातला. आपल्या सोयऱ्याच्या दुकानाबद्दल कोणी लिहू नये.

नियम अत्यंत न्याय्य होता. फक्त तो आमच्या जिल्ह्यात चालण्यासारखा नव्हता. पाने महिनाभर कोरी राहिली. कारण उघड होतं. तापीच्या या पट्ट्यात कुणाच्याही दुकानात जा, तो तुमचा साडू तरी असतो, नाहीतर मावसबहिणीच्या दिराचा व्याही. परका दुकानदार शोधायचा तर गाडीने सुरतेला उतरावं लागेल. सरांनी एवढा प्रकाशाचा अभ्यास केला, पण लग्नपत्रिका कधी नीट वाचली नव्हती.

मग नियम बदलला. सोयऱ्याबद्दल लिहा, पण आधी नातं सांगा. आणि धरण फुटलं. तूरडाळीच्या पानावर डाळीबद्दल दीड ओळ आणि नात्यांबद्दल वीस ओळी. 'नातं : दुकानदार माझ्या मोठ्या साडूंच्या आतेभावाचे व्याही, तसेच आमच्या वहिनींच्या माहेरकडून मामा.' त्याखाली दुसऱ्याने येऊन दुरुस्ती केलेली : 'मामा नव्हे, मामेसासरे.' त्याखाली तिसरा रागावलेला, की एवढी नावं लिहिली त्यात आमच्या दादांचं नाव कसं राहिलं. त्या पानावरून दोन लग्नं जुळल्याचं मला खात्रीने माहीत आहे. डाळ कोणी पिकवली हे अजून कळलेलं नाही.

या उद्योगात मी कशी शिरले? सरांनी बोलावलं नव्हतं. मी स्वतःच स्वतःला भाषा-संपादक नेमलं. तेव्हा मी तरुण होते, साठी नुकतीच ओलांडली होती, आणि या वयात माणसाला आपलं सगळं बरोबर वाटतं. कुणीतरी लिहायचं, 'मिरची तिखी शे, मानूस गोड शे, वजनमा लबाडी नही.' मी चष्मा लावून बसायची आणि त्याचं करायची, 'सदर मिरची तिखट असून विक्रेत्याचा व्यवहार पारदर्शक आहे.' मला वाटायचं मी पानाला इस्त्री केली. सर 'इतिहास' उघडून मूळचं वाक्य परत आणून ठेवायचे. मी पुन्हा इस्त्री. असं आमचं वर्षभर चाललं. एकदा त्यांनी फोन करून शांतपणे विचारलं, की बाई, तुम्ही 'पारदर्शक' म्हणता तेव्हा त्यातून नेमकं काय दिसतं? मी त्यांना भिंगाबद्दल काहीतरी ऐकवलं आणि फोन ठेवला. पण त्यानंतर मिरचीला मिरचीसारखं राहू दिलं.

खरी गोष्ट घडली ती आमचुराच्या पानावर.

वर सातपुड्यात, तोरणमाळच्या वाटेवर एक बाजाराचं गाव आहे. चैत्र-वैशाखात डोंगरातल्या बायका कैऱ्या सोलतात, चिरतात, दगडांवर वाळवतात आणि टोपल्या डोक्यावर घेऊन तिथल्या दुकानदारांना विकायला उतरतात. पांढरा आमचूर असेल तर चांगला भाव, काळा पडला असेल तर पडेल तो. रुमाली नावाच्या पावरा आदिवासी मुलीने, कॉलेजात शिकत होती ती, पानावर लिहिलं : 'नातं : विकणारी माझी आई. आई घरून पांढरा आमचूर नेते. दुकानात गेल्यावर तो काळा होतो. दुकानाला निळी ताडपत्री आहे.' खाली दुकानाचं नाव.

दुकान सरांच्या जावयाचं होतं.

रुमालीला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. मी लगेच सरांच्या घरी गेले. मदत करायला असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे त्यांचं तोंड बघायला. सर ओटीवर बसले होते. त्यांनी ते वाचलेलं होतं. एवढंच म्हणाले की ऐकीव गोष्टीला जागा नाही, तेव्हा पाहायला हवं. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने वर गेले.

तिथे काय झालं ते त्यांनीच नंतर सांगितलं. जावयाने, किशोरने, खुर्ची झटकून दिली. सर खुर्चीवर बसले नाहीत. खिशातला खडू काढून त्यांनी ताडपत्रीखाली आमचुराच्या ढिगाशेजारी धरला. खडू निळसर दिसला आणि आमचूर राखेसारखा. मग मूठभर आमचूर घेऊन ते रस्त्यावर उन्हात आले. खडू पांढरा, आमचूर मोगऱ्यासारखा. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. बाजारातली माणसं बघायला लागली. किशोर हसत म्हणाला, "मामा, शाळा आजून सुटनी नही का?"

सर खडू खिशात ठेवून खाली आले आणि त्या संध्याकाळी रुमालीच्या ओळींखाली त्यांनी लिहिलं : 'नातं : दुकानदार माझा जावई. मुलीने लिहिलेलं खरं आहे. मी स्वतः पाहिलं. निळ्या उजेडात पिवळसर पांढरी वस्तू काळपट दिसते. माल उन्हात दाखवून विकावा.'

किशोरने ते खोडलं. सरांनी 'इतिहासा'तून परत आणलं. त्याने पुन्हा खोडलं, यांनी पुन्हा आणलं. शेवटी कुणीतरी किशोरला सांगितलं असावं, की इथे खोडण्यापेक्षा लिहिणं सोपं आहे. मग त्याने लिहिलं, आणि नियम पाळून लिहिलं : 'नातं : वरचं लिहिणारे माझे सासरे. लग्नात आमच्याकडच्या माणसांचा मानपान धड केला नाही. त्यांना काय विचारता.'

आम्हा सगळ्यांना वाटलं, हे तरी सर काढतील. सरांनी त्याखाली एक ओळ जोडली : 'मानपानाचा मुद्दा खरा आहे.'

यावर मी घरी एकटीच खूप हसले. पण दोन दिवसांनी सरांच्या घरी फोन आला तेव्हा हसू गेलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर होती. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात. त्या दिवशी लेक नाही आली तर घर असून नसल्यासारखं. किशोरचा निरोप असा होता, की ते पान पुसल्याशिवाय ज्योती येणार नाही. या आखाजीला नाही आणि पुढच्याही नाही.

ज्योती सरांची एकुलती एक. शांताकाकूंनी निंबाला झोका आधीच बांधला होता. एवढ्या मोठ्या बाईने लग्न झालेल्या पोरीसाठी झोका बांधावा, यावर मी पूर्वी विनोद करत असे. त्या दिवशी काकू त्या झोक्याशेजारी उभ्या राहून सरांना म्हणाल्या, "तुम्हनं पान तुम्हनाजोडे ठेवा. माले मन्ही पोर आखाजीले अठे पाहिजे." आणि आत जाऊन त्यांनी सांजोऱ्यांचं सारण ढवळायला घेतलं, इतक्या जोरात की कढईची दया यावी.

सगळे सोयरे गोळा झाले. पाने भरायला कधी आले नव्हते तेवढ्या उत्साहाने पान पुसायला आले. प्रत्येकाने समजावलं. मीही समजावलं; माझ्यासारखी हुशार बाई मागे कशी राहील? मी म्हटलं, सर, आखाजीपुरतं काढा. 'इतिहासा'त राहीलच ना. नंतर परत आणा.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, इतिहासमा ठेवाले मी काय मरी गयेल शे का?"

मग उठून त्यांनी काकूंकडे सांजोऱ्यांचा डबा मागितला. लेकीला आणायला माहेरचं कुणीतरी जावं लागतं. भाऊ नाही, तर बाप जाईल. पान राहील आणि पोरही येईल, असं म्हणून ते निघाले. मीही निघाले. आमचूर घ्यायचा आहे असं सांगितलं. हे नाटक मी फुकट दवडणार नव्हते.

त्या दिवशी वर बाजाराचा दिवस होता. घाटात बस चढताना सर डबा मांडीवर धरून बसले होते. उतरल्यावर ते दुकानासमोर गेले, आतली एक लोखंडी खुर्ची उचलली, भर उन्हात रस्त्याच्या कडेला मांडली आणि तिच्यावर बसले. किशोरने आत या म्हटलं. सर म्हणाले की आत नीट दिसत नाही. ज्योती दारात येऊन उभी राहिली, तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. सरांनी नको म्हणून मान हलवली. एक गोष्ट सांगायची राहिली. हा माणूस जगातल्या प्रत्येक रीतीला प्रश्न विचारायचा, पण लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही जुनी रीत मात्र त्याने विनातक्रार पाळली होती. ज्योतीचा मुलगा शाळेत जायला लागला तरी. स्वतःची बाटली आणलेली होती, ती घाटातच अर्धी संपली होती.

मी समोरच्या हॉटेलाच्या सावलीत बसले. मला कोणतीच रीत नव्हती. मी दोन चहा घेतले.

बायका टोपल्या घेऊन उतरायला लागल्या. म्हातारा उन्हात का बसला आहे हे बघायला पहिली थांबली. रुमालीची आई होती ती, हे मला नंतर कळलं. तिने टोपली सरांच्या पायाशी ठेवली. मग दुसरीने ठेवली. सरांनी खडू काढून पहिल्या टोपलीच्या काठावर ठेवला, एवढंच. त्या उन्हात आमचूर असा पांढरा दिसत होता, की मला हॉटेलातून डोळे बारीक करावे लागले. किशोर आतून ओरडत होता, माल आत आणा, माल आत आणा. कोणी आत गेलं नाही.

दुपार झाली. सरांची बाटली उलटी पडलेली. डोक्यावर रुमाल, चेहरा लाल. मला आता मजा वाटेनाशी झाली. मी उठून त्यांच्याकडे निघाले, तेवढ्यात शेजारच्या कापडवाल्याने, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "किशोरशेठ, सासरासले उनमा कसाले वाळत टाकेल शे? आमचूर कराना शे का त्यास्ना?"

बाजार हसला. बायकाही हसल्या, ज्यांना अहिराणी अर्धवट कळत होती त्याही.

मला वाटतं, नीतीने जे झालं नसतं ते या हसण्याने झालं. किशोरला सरांच्या ओळी एक वेळ सहन झाल्या असत्या, रुमालीच्याही झाल्या असत्या. पण जावई असून सासऱ्याला उन्हात ठेवलं, हे त्या बाजारात पुढची वीस वर्षं कोणी विसरलं नसतं. तो बाहेर आला. कोणाकडेही न बघता खांबावर चढला, गाठ सोडली आणि निळी ताडपत्री धाडकन खाली टाकली. मग ज्योतीला ओरडून सांगितलं, की मांडवाचं पांढरं कापड आण. तिच्याच लग्नाच्या मांडवाचं होतं ते. मानपान झाला नव्हता म्हणे, पण कापड जपून ठेवलेलं होतं.

कापड बांधून झालं. सर उठले, थोडे हलले, मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. आत आले, वर पाहिलं, खडूकडे पाहिलं. आणि ज्योतीकडे बघून म्हणाले, "आते पानी दे, बेटा."

ज्योतीने तांब्या दिला. सरांनी तो एका दमात रिकामा केला. मग ती आत गेली आणि पिशवी घेऊन, मुलाचा हात धरून बाहेर आली. पिशवी सकाळपासून भरलेली असावी. किशोर टोपल्या मोजण्यात अगदी गढलेला होता. मान वर न करता म्हणाला, "मामा, आठ दिनमा धाडी द्या. सीझन शे."

आखाजीला ज्योती झोक्यावर बसली. पानावर सरांनी भर घातली : 'ताडपत्री काढली. पांढरं कापड आलं. जावई शहाणा आहे, उशिरा.' जिल्ह्यात त्यामुळे क्रांती वगैरे झाली असं कुणाला वाटत असेल तर सांगते, त्याच बाजारात बाकी ताडपत्र्या निळ्याच राहिल्या. त्या दुकानदारांना सासरे नव्हते असं नाही. उन्हात बसणारे नव्हते. 'विचारून घ्या' अजून चालू आहे. रुमाली बघते ते, नोकरी सांभाळून. तूरडाळीच्या पानावर नाती वाढतच आहेत.

सर गेले त्याला दोन हिवाळे झाले. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी नातीला घेऊन तोरणमाळला चालले होते. बस त्या बाजारात थांबली. मी खिडकीतून पाहिलं. दुकानावर पांढरं कापड, धुऊन धुऊन विरलेलं. खाली तीच लोखंडी खुर्ची. आमचुराच्या दिवसांत सर तिथे येऊन बसतात हे मला माहीत होतं, किशोरच त्यांना बसने घेऊन येई. सर बसल्या बसल्या झोपले होते, तोंड उघडं, मान एका बाजूला. एक बाई टोपली घेऊन उभी होती. किशोरने टोपलीकडे पाहिलं, मग सरांकडे. ते झोपलेत याची खात्री केली. मला वाटलं, आता हा माल काळा ठरवणार.

त्याने वाकून सरांच्या खिशातला खडू हळूच काढला, टोपलीजवळ नेऊन धरला, उन्हाकडे तोंड करून नीट पाहिलं, आणि खडू परत खिशात ठेवला. चांगुलपणाने, की सवयीने, की बसमधून कोणी बघतंय हे कळून, मला सांगता येणार नाही. मी सगळ्यांत वाईट शक्यता धरते, माझा स्वभावच तसा.

बस सुटली. सर झोपलेलेच होते.